‘असूनही’ हा शब्द आता मागे घेऊ

(मंडळाच्या सर्वसाधारण सभेत मोडी वर्गाच्या ठरावावर झालेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्ते महसूल खात्यातून निवृत्त झालेले आपले सभासद आहेत. - संपादक)



मी वक्ता नाही. १९८२ ते २०१८ अशी छत्तीस वर्षं मी तालुक्याच्या कचेऱ्यांतून कारकुनी केली. कारकुनाला बोलण्यापेक्षा टिपण लिहायची सवय जास्त. म्हणून आजही चार पानं लिहून आणली आहेत. अध्यक्षांनी पंधरा मिनिटं दिली आहेत, त्यात संपवतो.

ठराव तुमच्यासमोर आहे. दर रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात मोडी लिपीचा वर्ग सुरू करायचा. वर्गाला कुणाचाच विरोध नाही. विरोध आहे तो शिकवणाऱ्याला. कार्यकारिणीच्या बैठकीत एक वाक्य निघालं, ते एव्हाना सगळ्यांच्या कानावर गेलं आहे. “मराठी मंडळात मोडी शिकवायला कानडी माणूस? उद्या लोक हसतील आपल्याला.”

हे म्हणणारे गृहस्थ मला आदरणीय आहेत. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात त्यांनी लाठ्या खाल्ल्या. मी तेव्हा सरकारी नोकर, घरात बसून होतो. त्यांना निष्ठा शिकवण्याचा अधिकार मला नाही. पण ज्या माणसाविषयी हे वाक्य निघालं, त्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर मी काढलेली वर्षं मोजली तर सतरा भरतात. तेव्हा साक्षीदार म्हणून उभा राहण्याचा अधिकार मला आहे, आणि तो मी वापरतो.

त्यांचं नाव मी घेणार नाही. ते २०२३ साली निवृत्त झाले, पण घरातली माणसं नोकरीत आहेत. दोन्हीकडच्या उत्साही मंडळींकडून कुणाला त्रास होऊ नये. कचेरीत आम्ही त्यांना ‘गुरुजी’ म्हणत होतो, मीही तेच म्हणतो.

गुरुजी १९८८ साली आमच्या कचेरीत रुजू झाले. जिल्ह्याच्या पूर्वेकडचं गाव, घरची भाषा कन्नड, कपाळाला विभूती. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी लहान. त्या दिवशी घरी जाऊन मी मंडळींना काय सांगितलं ते आजही आठवतं. म्हटलं, “आणखी एक आला.” बस्स, एवढंच. माणसाशी चार वाक्यं न बोलता त्याचा पंचनामा करून मी मोकळा झालो होतो.

आठ दिवसांत तो पंचनामा खोटा ठरला. आपल्या पश्चिम भागातले एक म्हातारे शेतकरी आजोबांच्या वेळचा कागद वाचून घ्यायला आले. आमच्या दप्तरखान्यात जुने रुमाल होते. आताच्या मुलांसाठी सांगतो, रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. त्यातले बरेच कागद मोडी. कचेरीत मराठी कारकून आम्ही चौघं, पण मोडी एकालाही येत नव्हती. मुंबई राज्यातल्या शाळांतून मोडी गेली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. आमची पिढी बाळबोधवरच वाढली. असा कागद आला की आम्ही माणसाला गावातल्या एका पेन्शनर वाचकाकडे धाडत असू, आणि तो पानामागे पैसे घेत असे.

त्या दिवशी गुरुजी उठले, कागद खिडकीजवळ नेला आणि वर्तमानपत्र वाचावं तसा घडाघडा वाचून दाखवला. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरांना अक्षरं जोडत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. नवख्याला शब्द कुठं संपला तेच कळत नाही. गुरुजींना कळत होतं. आम्ही चौघं मराठीचे अभिमानी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

मी विचारलं, “कुठं शिकलात हो?”

म्हणाले, “आजोबांकडं. आमच्या गावचं जुनं दप्तर मोडीतच होतं, भाऊसाहेब. आजोबा घरात कन्नड बोलायचे आणि दप्तर मोडीत लिहायचे. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं.”

मित्रहो, असा विषय निघाला की आपण व्यासपीठावर लगेच मोठी नावं काढतो. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं, रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ लिहिला, भीमसेन जोशी गदगचे, कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, आणि घरी मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्रे यांना १९७३ चा ज्ञानपीठ मिळाला तो कन्नड कवितेसाठी. हे सगळं खरं आहे आणि त्याचा अभिमान धरायलाच हवा. पण ही उदाहरणं द्यायला आपल्याला काही मोजावं लागत नाही. भीमसेनांच्या अभंगाला टाळ्या वाजवणं सोपं आहे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाविषयी मत बदलणं अवघड आहे. मला तरी ते अवघड गेलं.

आता माझी गोष्ट सांगतो. सरकारी नोकरीत टिकायला खात्याची कन्नड परीक्षा द्यावी लागते. मी दोनदा नापास झालो होतो. बाहेर मी ऐटीत सांगायचो, “सक्ती आहे म्हणून मी शिकत नाही.” खरं कारण असं, की मला येत नव्हतं आणि शिकायचा कंटाळा होता. निषेधाचं नाव देऊन मी आळस झाकत होतो. गुरुजींनी हे ओळखलं. एकदाच बोलले, “भाऊसाहेब, सक्तीविरुद्ध भांडायचं तर जरूर भांडा. पण अर्ज कुठल्या भाषेत फेटाळलाय ते वाचता आलं पाहिजे ना?” जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास, असे चार महिने त्यांनी मला शिकवलं आणि तिसऱ्या खेपेला मी पास झालो. आणखी एक सांगतो. आपण सहज ‘कानडी’ म्हणतो, ते त्यांना खटकत असे. भांडले नाहीत, एकदा सांगितलं फक्त. तेव्हापासून मी ‘कन्नड’ म्हणतो. मला त्यात काही गमावल्यासारखं वाटलं नाही.

आता जी गोष्ट सांगायला उभा राहिलो ती. ही आजवर मी घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

२००० च्या सुमारास कर्नाटकात ‘भूमी’ योजना आली. हातानं लिहिलेले उतारे बंद, सगळे संगणकावर. राज्यभरातल्या सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे सुमारे २ कोटी उतारे दोनेक वर्षांत संगणकात भरले गेले. खिडकीवर पंधरा रुपये भरले की छापील उतारा हातात. योजना चांगली होती, तलाठ्याच्या मागे फिरणं कमी झालं. पण उतारा फक्त कन्नडमध्ये. नावं भरायचं काम बाहेरच्या मुलांना दिलेलं. भरून झालं की छापील चेकलिस्ट यायची आणि ती जुन्या नोंदींशी ताडून सही करायची.

पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण इथं बसलेल्या निम्म्या घरांत ते झालं आहे. एक शेतकरी होते, खरं नाव सांगत नाही, धोंडिबा धरून चाला. बापाचं नाव भरमा. संगणकाच्या उताऱ्यावर ते झाले ‘दोंडिबा बरमा’. मतदार ओळखपत्रावर धोंडिबा, उताऱ्यावर दोंडिबा. सोसायटीनं पीक कर्ज अडवलं. दिवस मे महिन्याचे, धूळवाफ पेरणी तोंडावर, बियाणं घ्यायला हातात पैसा नाही. म्हातारा कचेरीत येऊन म्हणाला, “साहेब, ह्यो दोंडिबा कोण ओ? माझी जमीन त्याच्या नावावर कशी गेली?” त्या एका गावात अशी चाळीसेक खाती निघाली.

आपल्याकडे लगेच बोलणं सुरू झालं. मराठी नावं पुसण्याचा हा डाव आहे, ठरवून चाललंय. मीही त्यात होतो, सगळ्यांत मोठ्यानं मीच बोलत होतो.

गुरुजींनी त्या गावाची चेकलिस्ट मागवली. जुने हस्तलिखित उतारे काढले. काही घराण्यांचे त्याहून जुने मोडी कागद काढले. चार संध्याकाळी कचेरी सुटल्यावर बसून एकेक नाव जुळवलं. मग मला बोलावून समजावलं. कन्नड लिपीत ध आहे, भ आहे, फ आहे, आपल्यासारखीच सगळी अक्षरं आहेत. पण द आणि ध यांत फरक असतो तो खाली एका बारीक रेघेचा. ब आणि भ, प आणि फ, यांचंही तसंच. त्यातून रोजच्या कन्नड बोलण्यात ही ह-कार असलेली अक्षरं हलकी पडतात. भरणाऱ्या मुलानं कानाला जसं सवयीचं तसं भरलं. ती रेघ सुटली.

ते म्हणाले, “हा डाव नाही, भाऊसाहेब, सवय आहे. पण सवयीनं गेलेली जमीनही गेलेलीच असते. त्यामुळं दुरुस्ती झालीच पाहिजे.”

मग त्यांनी चेकलिस्टचं शेवटचं पान उलटलं आणि माझ्यासमोर ठेवलं. तपासणाऱ्याची सही होती. माझी.

होय, त्या गावाची यादी ताडून बघायचं काम माझ्याकडे आलं होतं. वर्षअखेरची घाई होती, वरून रोज फोन येत होते, आणि माझं कन्नड परीक्षा पास होण्यापुरतंच. मी पानं चाळली, जमिनीचे आकडे बघितले आणि सही केली. माझ्याच भाषेच्या, माझ्याच भागातल्या चाळीस शेतकऱ्यांची नावं माझ्या सहीनं चुकली होती, आणि मी चावडीवर बसून कन्नड लोकांच्या नावानं शंख करत होतो.

गुरुजींनी ते पान कुणाला दाखवलं नाही. वर तक्रार केली नाही. एवढंच म्हणाले, “अर्ज तुम्ही लिहून घ्या, मी कन्नडमध्ये टिपण करतो. दोघांची सही करू.” साहेबांनी आधी “एवढी खाती एकदम उघडता येणार नाहीत” म्हणून फाईल परत पाठवली. गुरुजींनी ती तीनदा सादर केली. प्रत्येक नावामागे जुन्या नोंदीचा आधार, मोडी कागद असेल तिथं त्याचं बाळबोध वाचन आणि कन्नड भाषांतर. तिसऱ्यांदा सही झाली. धोंडिबाचं कर्ज त्या हंगामाला मिळालं नाही, उसनवारीवर पेरणी झाली. पण पुढच्या वर्षी उताऱ्यावर धोंडिबा भरमा हेच नाव होतं, खालच्या रेघेसकट.

गावानं गुरुजींचा सत्कार ठेवला. देवळासमोर मंडप, शाल, श्रीफळ. सरपंच भाषणात कौतुकानं म्हणाले, “साहेब कानडी असूनही त्यांनी मराठी माणसासाठी एवढं केलं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

गुरुजी उत्तराला उठले आणि त्यांच्या मराठीत म्हणाले, “शाल घेतो, नारळ घेतो. पण ‘असूनही’ हा शब्द तेवढा परत घ्या. मी कन्नड असूनही नाही, कन्नड आहे म्हणूनच हे जमलं. ज्याला ही लिपी घरची आहे त्यालाच सुटलेली रेघ दिसते. आणि मी मराठी माणसासाठी काही केलेलं नाही. खातेदारासाठी केलं. त्याचा मला पगार मिळतो.”

मंडपात कुणी बोललं नाही. माझी मान खाली होती, कारण ते काय बोलत नव्हते ते मला एकट्याला ठाऊक होतं.

तेव्हापासून या शब्दावर मी पुष्कळ विचार केला आहे. ‘असूनही’ म्हणताना आपल्याला वाटतं आपण कौतुक करतोय. प्रत्यक्षात आपण एका माणसाला उचलून बाजूला काढतो आणि त्याच्या बाकीच्या सगळ्या जातभाईंवर शिक्का मारतो. हा चांगला, म्हणजे बाकीचे वाईट. आपलं मत जसंच्या तसं राहतं, त्याला एक अपवाद तेवढा जोडला जातो.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी स्वतःवर घेऊन बघावं. आपली मुलं आज बेंगळुरूत नोकरीला आहेत. माझा मुलगाही आहे. त्याला तिथं ऐकायला मिळतं, “बेळगावचा मराठी असूनही कन्नड छान बोलतोस रे.” बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मुलगा सांगतो, “बाबा, त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.” आपल्याला जो शब्द टोचतो, तो दुसऱ्याला शालीत गुंडाळून देऊ नये.

आता एक शंका तुमच्या मनात असणार, तिचं उत्तर देतो. हा माणूस आपल्या बाजूचा आहे का? नाही. सीमाप्रश्नावर गुरुजींचं मत आपल्या विरुद्ध आहे आणि ते त्यांनी कधी लपवलेलं नाही. बेळगाव कर्नाटकातच राहावं असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं. १ नोव्हेंबरला आपण काळा दिन पाळतो, ते राज्योत्सवाला लाल-पिवळी फीत लावून जातात. दुसऱ्या दिवशी कचेरीत चहा घेताना म्हणायचे, “काल तुमचं सुतक होतं, आमचा सण होता. आज दोघांच्याही टेबलावर फाईल आहे.” सतरा वर्षांत त्यांनी माझं मत बदललं नाही, मी त्यांचं बदललं नाही. त्यामुळं ‘आपल्या बाजूला वळलेला कन्नड माणूस’ म्हणून मी त्यांची शिफारस करत नाही. आपल्याशी न पटणारा आणि तरीही आपल्या माणसाचं काम चोख करणारा माणूस, म्हणून करतो.

आणि यातून आपली मागणी एका तसूनंही ढिली होत नाही. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत आपल्यावर जो अन्याय झाला तो झालाच आहे. १७ जानेवारीला हुतात्म्यांसमोर आपण मान झुकवतो, ती झुकवतच राहू. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे, त्याच्या निकालाची वाट आपण पाहतो आहोत. तोवर भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क आपल्याला मिळालेच पाहिजेत. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात सांगितली आहे. ३५०-ब कलमानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमला आहे. जिथं अल्पसंख्य भाषिक १५ टक्के वा अधिक आहेत तिथं महत्त्वाची सरकारी कागदपत्रं त्यांच्या भाषेत द्यावीत, हे राज्यांनी मान्य केलेलं संरक्षण आहे. धोंडिबाच्या हातात उतारा मराठीतही पडला असता, तर चूक त्याला त्याच दिवशी खिडकीवरच दिसली असती. कर्ज अडल्यावर ती कळायची वेळ आली नसती. ही आपली मागणी आहे आणि ती सरकारकडे आहे. शेजारच्या टेबलाशी आपलं भांडण नाही. सरकारशी भांडायला जेवढं बळ लागतं ते शेजाऱ्यावर खर्च करून चालणार नाही.

गंमत बघा, ही मागणी मी गुरुजींना सांगितली तेव्हा ते म्हणाले, “उतारा दोन भाषांत द्यायला माझी काय हरकत? दोन ठिकाणी तपासला जाईल, चूक लवकर सापडेल.” ज्या मुद्द्यावर आपण मोर्चे काढतो तो त्यांनी कारकुनाच्या एका वाक्यात मान्य केला.

आता पुन्हा ठरावाकडे येतो. मोडी वाचणारी माणसं झपाट्यानं संपत आहेत. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचकांची किती टंचाई भासली ते आपण वर्तमानपत्रांत वाचलं. आपल्याकडे तर घराघरांत कागद पडून आहेत. वाटणीपत्रं, गहाणखतं, देवस्थानाची हिशेबाची चोपडी. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत वाळवी लागते आहे. उद्या जमिनीचा वाद उभा राहिला, तर आपल्याच पूर्वजांचं लिखाण आपल्याला परकं. मराठीचा अभिमान म्हणजे नुसत्या घोषणा नव्हेत, आजोबांचं अक्षर वाचता येणं हाही अभिमानच आहे. आणि ते शिकवायला तयार असलेला, हाताशी असलेला माणूस एक आहे.

मी त्यांना भेटून आलो. त्यांच्या अटी तीन. पहिली, मानधन नको. दुसरी, शाल-श्रीफळ नको, भाषणं नकोत. तिसरी, येणाऱ्या प्रत्येकानं आपल्या घरचा एक तरी कागद सोबत आणावा, पुस्तकातल्या उताऱ्यावर शिकवणार नाही. सीमाप्रश्नावर वर्गात कुणी बोलायचं नाही, हे मी माझ्याकडून घातलं. ते हसून म्हणाले, “बोला की, माझी ना नाही. पण आधी धडा पुरा करा.”

कार्यकारिणीला माझी विनंती एवढीच आहे. फलकावर ‘मोडी वर्ग, दर रविवारी सकाळी ९ वाजता’ असं लिहावं आणि खाली शिकवणाऱ्याचं नाव. फलकावर नाव लिहायला त्यांनी स्वतः होकार दिला आहे. नावाच्या मागे-पुढे दुसरं काही नको. ‘कन्नड असूनही’ नको, ‘मराठीप्रेमी’ही नको. ‘निवृत्त महसूल कर्मचारी’ पुरे आहे.

ज्या आदरणीय गृहस्थांनी विरोध केला त्यांना मी हात जोडून सांगतो. लोक हसतील ही भीती सोडा. हसायचं कारण आहे ते वेगळं आहे. मराठी मंडळाला मराठी मोडी शिक्षक मिळाला नाही, याचं हसू व्हायला हवं, आणि त्याचा दोष तुमच्या-माझ्या पिढीचा आहे. तो धुऊन काढायचा तर पहिल्या बाकावर आपणच बसू. माझ्या घरी आजोबांचं एक गहाणखत आहे. मी ते घेऊन येणार आहे. तुम्हीही पेटी उघडा.

एक शेवटचं. ती चेकलिस्ट आणि ती सही, हे मी इतकी वर्षं पोटात ठेवलं. गुरुजींनी झाकलं म्हणून ते झाकलेलं राहिलं. आज सांगून टाकलं, कारण ज्या माणसाला आपण नाकारणार होतो, त्यानं आपल्यातल्याच एकाची लाज राखली होती, हे सभेला माहीत असावं. ठराव त्यानंतर मताला टाकावा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!